म्हणींची यादी आणि छातीतलं तण

'आकान संस्कृती भावना दाबायला शिकवते.' हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलं आणि वाचलं आहे, की आता ते नेमकं कुणाचं हे सांगता येणार नाही. चर्चासत्रांत ते येतं, आफ्रिकी कथांच्या अनुवादांना जोडलेल्या प्रस्तावनांत येतं, आणि पुरावा म्हणून त्याच्या मागोमाग चारपाच म्हणी येतात. राग पाहुण्यासारखा असतो. पुरुष रडत नाही. नाचक्कीपेक्षा मरण बरं. चांगल्या मण्यांचा आवाज होत नाही. झालं, एका अख्ख्या समाजाच्या मनाचा पंचनामा पूर्ण! या म्हणी खऱ्या आहेत, आकान लोक त्या वापरतात, यात वाद नाही. वाद निष्कर्षाशी आहे. म्हण काय म्हणते एवढंच त्यात पाहिलेलं असतं. ती कोण, कुणाला, कुठल्या वेळी ऐकवतं, हे पाहायची तसदी कुणी घेत नाही.

आकान म्हणजे घानाच्या लोकसंख्येतले जवळजवळ निम्मे लोक, आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टमधलेही काही समाज. आसांते, अकुआपेम, फान्टे ही त्यांच्यातली आपल्याला थोडीफार ऐकून माहीत असलेली नावं. भाषेला आपण इंग्रजी स्पेलिंग पाहून 'ट्वी' म्हणतो. उच्चार 'च्वी'च्या जवळ जातो. (देवनागरीत हे रोमनपेक्षा बरं लिहिता येतं, पण आपण रोमनवरूनच उतरवतो. असो.) म्हणीला च्वीत 'एबे' म्हणतात. या म्हणींचा मोठा लिखित संग्रह केला तो बाझल मिशनच्या योहान क्रिस्टालर या मिशनऱ्याने. १८७९ साली छापलेल्या त्या संग्रहात ३६०० म्हणी आहेत. त्यातल्या निवडक म्हणींचं इंग्रजी भाषांतर आर. एस. रॅट्रे या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१६ साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसकडून प्रसिद्ध केलं. पुस्तकाचं नाव 'अशांती म्हणी'. उपशीर्षकाचा मराठी अर्थ असा होतो: 'एका रानटी लोकसमूहाची आदिम नीती'. रॅट्रे पुढे आसांते समाजाचा मोठा अभ्यासक झाला आणि त्याच्या नोंदींवाचून आजही कुणाचं पान हलत नाही. पण उपशीर्षक ते आहे.

याच क्लॅरेंडन प्रेसने सतरा वर्षं आधी, १८९९ साली, रेव्हरंड मॅनवेअरिंग यांचा 'मराठी म्हणी' हा इंग्रजी भाषांतरासहचा संग्रह काढला होता. म्हणजे आपणही त्याच कपाटातले. मिशनऱ्याने म्हणी गोळा करायच्या, ऑक्सफर्डने छापायच्या, आणि त्या वाचून कुणीतरी 'नेटिव्ह माणसाच्या मनात काय चालतं' ते ओळखायचं, या प्रथेत मराठी माणूस आणि आसांते माणूस एका पंक्तीला बसले आहेत. म्हणून तरी आपण सावध असायला हवं होतं. उद्या कुणी 'लेकी बोले सुने लागे', 'झाकली मूठ सव्वा लाखाची' आणि 'आपलेच दात आपलेच ओठ' या तीन म्हणी घेऊन महाराष्ट्रात भावना व्यक्त करायला बंदी आहे असं सिद्ध केलं, तर आपण हसू. ज्याने मराठी घरातलं एक लग्न पाहिलंय तोही हसेल.

आता राग पाहू. मूळ म्हणीचा अर्थ जवळपास असा: राग 'ऑहॉहो'सारखा आहे, तो एकाच्याच घरी राहत नाही. इंग्रजीत 'ऑहॉहो'चं भाषांतर बहुतेक 'स्ट्रेंजर' असं होतं. त्यावरून हिंदी-मराठीत 'अनोळखी', 'परका' होतं. मग म्हण अशी ऐकू येते: राग हा परका आहे, त्याला घरात थारा देऊ नका. दाबून टाकण्याचा सिद्धांत इथूनच उभा राहतो. पण 'ऑहॉहो' म्हणजे परकाही आणि पाहुणाही. च्वीत त्या दोघांना एकच शब्द पुरतो, कारण परगावचा माणूस दारात आला की तो पाहुणाच असतो. आकान घरात आलेल्या माणसाला आधी बसायला देतात, पाणी देतात, आणि मग रीतसर विचारतात की कशासाठी येणं केलंत. या विचारण्याला नाव आहे, 'अमान्ने'. निरोप, बातमी, येण्याचं कारण, सगळं त्यात आलं. हे झाल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही.

आणि म्हणीचा दुसरा भाग पाहा. तो एकाच्याच घरी राहत नाही. म्हणजे आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. हे वाक्य रागावलेल्या माणसाला उद्देशून असेल तर त्याचा अर्थ 'जाईल तो, धीर धर' असा होईल. पण जो दुसऱ्याला खुशाल डिवचतो, कारण चिडण्याचा मान आपल्या एकट्याचा आहे असं ज्याला वाटतं, त्याला ही म्हण ऐकवली तर ती सरळ धमकी आहे: रागाला माझंही घर माहीत आहे, बरं का. एकच वाक्य. एका तोंडून ते सांत्वन आहे, दुसऱ्या तोंडून ताकीद. यादीत ते 'राग: निषेध' या रकान्यात जातं.

मी ती 'राग पाहुण्यासारखा, एकाच घरी मुक्काम नाही' अशी केली आहे. 'पाहुणा' शब्दात मराठीत जो गोडवा आहे तो इथे थोडा जास्त होतो, हे मला दिसतं. पण 'परका' म्हटलं तर म्हण पार दुसऱ्याच बाजूला जाऊन बसते.

म्हणींपेक्षाही साधे शब्द जास्त बोलतात. च्वीत 'मला राग आला' म्हणायचं तर छातीवर तण माजलं अशा अर्थाची रचना आहे. 'बो' म्हणजे छाती, आणि 'फू' हे क्रियापद शेत तणाने भरून जाण्यासाठी वापरतात. त्यावरून 'अबुफू', राग. शांत हो म्हणायचं तर छाती खाली ठेव असं म्हणतात; धीर, सबुरी यांचा शब्दही तिथूनच आला आहे. आनंदाला 'अनिजे', त्यात डोळा आहे आणि मिळणं आहे. लाज वाटण्याला 'अनिवू', डोळा मरणं. मत्सर म्हणजे अंगाची वेदना. धैर्य म्हणजे जड छाती. माणूस उदार असेल तर त्याचं पोट चांगलं. व्हिव्हियन द्झोकोटो यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी फान्टे भाषेतल्या भावनाशब्दांत शरीर किती भरून राहिलं आहे हे दाखवून दिलं, आणि आकान म्हणींवरून भावना दाखवण्याचे संकेत शोधण्याचंही काम केलं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. संशोधक आपल्या मर्यादा लिहून ठेवतात. भांडण आहे ते त्या कामाचा एका ओळीत सारांश करून तो मिरवणाऱ्यांशी.

हे शब्द वाचून मराठी माणसाला चक्रावून जायचं कारणच काय? आपल्या पोटात मत्सराने दुखतं, भीतीने गोळा येतो, मायेने कालवतं. आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते. दुसऱ्याचं सुख डोळ्यांत खुपतं. हिंदीत माणूस निर्लज्ज झाला की त्याच्या डोळ्यातलं पाणी मरतं. च्वीत माणसाला लाज वाटली की डोळा मरतो. डोळा दोन्हीकडे, मरण दोन्हीकडे, अर्थ मात्र थेट उलट! हा शोध हिंदी आणि च्वी एकमेकांसमोर ठेवल्याशिवाय लागला नसता. इंग्रजीतून गेलं तर एकीकडे 'शेमलेस' आणि एकीकडे 'अशेम्ड' एवढं उरतं, आणि कुणाला काही कळत नाही. भारतीय भाषांनी आफ्रिकी भाषांना फक्त इंग्रजीच्या ओसरीवर भेटायचं, या सवयीची किंमत ही आहे.

पण उलट्या बाजूचंही एक खूळ आहे आणि त्यालाही मी सोडणार नाही. 'अहाहा, आफ्रिकी माणूस छातीत तण पाहतो' हे ते खूळ. कुमासीच्या बाजूची, इकडे शिकायला आलेली एक मुलगी मला दोन वर्षं च्वी शिकवत होती. मी तिला विचारलं, राग आला म्हणताना तुला शेत दिसतं का गं? ती म्हणाली, "ताई, काल तुम्ही फोनवर जीव भांड्यात पडला म्हणालात. कुठलं भांडं?" ती मराठी बऱ्यापैकी शिकली होती. मी गप्प बसले, कारण भांडं मलाही कधी दिसलेलं नाही. शब्दातली प्रतिमा झिजते. म्हणून कथेत एखादा बसड्रायव्हर चिडला तर तो मराठीत सरळ चिडावा. त्याच्या छातीवर तण उगवायची गरज नाही. मात्र जिथे बोलणाऱ्याने ती प्रतिमा जागी करून वापरली आहे, म्हणजे म्हणीत, भांडणात, शोकगीतात, तिथे ती राखलीच पाहिजे. कुठे जागी आहे आणि कुठे झोपलेली, हे ठरवणं हेच अनुवादकाचं काम आहे, आणि त्याला कुठलीही यादी मदत करत नाही.

आता ती मण्यांची म्हण. 'अश्वेने पा न्कासा', चांगले मणी बोलत नाहीत, खुळखुळत नाहीत. आपली 'उथळ पाण्याला खळखळाट फार' इथे चटकन आठवते. संयमाची शिकवण म्हणून ती हमखास दिली जाते. पण घानात हे एका छापील कापडाचंही नाव आहे, आणि फार लोकप्रिय कापडाचं. तिथे कापडाच्या नक्ष्यांना नावं असतात, त्यांतली कित्येक म्हणींवरून आलेली, आणि बाईने कुठलं कापड कुठे नेसलं हे बोलणंच असतं. समजा, शेजारणीने चारचौघांत तोंड टाकलं. दुसऱ्या दिवशी ही बाई काहीएक न बोलता 'चांगले मणी खुळखुळत नाहीत' नेसून तिच्या दारावरून गेली. आता सांगा, हिने भावना दाबली? हिने वार केला आहे, आणि असा केला आहे की शेजारणीला उलट बोलायलाही जागा नाही. बोलली की तीच खुळखुळली. या तिरक्या बोलण्याला च्वीत 'अकुतिया' असा स्वतंत्र शब्द आहे. 'लेकी बोले सुने लागे' जिला कळतं तिला अकुतिया समजावून सांगावी लागत नाही.

माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. म्हण हा भावनेविषयीचा नियम आहे असं धरून लोक यादी करतात. आकान व्यवहारात म्हण बहुतेक वेळा भावना बाहेर काढायचं साधन असते. शहाण्याशी म्हणीत बोलावं, सरळ शब्दांत नव्हे, असं सांगणारी एक म्हणच आहे. क्वेसी यांका यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात म्हण प्रत्यक्ष बोलण्यात कशी चालते हे तपशिलाने मांडलं. वडीलधाऱ्यांपुढे तरुणाला म्हण टाकायची असेल तर आधी श्रेय त्यांना द्यावं लागतं, की ही तुम्हीच म्हटलेली आहे. बोलणं नाजूक असेल तर 'सेबे' म्हणून माफी मागावी लागते. मग म्हण येते, आणि त्या म्हणीच्या आडून जे यायचं ते सगळं येतं: तक्रार, अपमान, राग. सरळ शब्दांत ते बोलला असता तर सभेतून उठवला गेला असता. राजासमोर तर बोलणं 'ओचेआमे'च्या, म्हणजे राजाच्या वक्त्याच्या, मार्फतच जातं, आणि त्या वक्त्याच्या काठीच्या टोकाला म्हणीचंच कोरीव चित्र असतं: मुठीतलं अंडं, घट्ट धरलं तर फुटेल, सैल सोडलं तर पडेल. ज्या समाजाने रागाला बोलायला इतकी सोय करून ठेवली, त्याला तुम्ही मुका म्हणता?

'पुरुष रडत नाही' ही म्हण आहेच, आणि ती जितकी वाईट आहे तितकी आपल्याकडेही आहे. पण ती रडण्यावर बंदी घालत नाही, रडण्याची वाटणी करते. जे. एच. न्केटिया यांनी १९५५ साली आकान शोकगीतांवर पुस्तक लिहिलं. ही गीतं बायकांची. त्यांत मृताचं नाव, त्याचे पूर्वज, त्याचं गाव, त्याच्यामागे उरलेली ओढ, सगळं ठरावीक वळणांनी, पण त्या क्षणी जुळवून म्हटलं जातं. चारचौघांत, मोठ्याने. लाल आणि काळी वस्त्रं नेसून. रडणं हे तिथे कौशल्य आहे, आणि जिला ते येतं तिला मान आहे. अर्धा समाज न रडण्याचं काम करतो आणि अर्धा रडण्याचं. यादी करणाऱ्याने पहिली म्हण उचलली आणि गीतं संगीताच्या विभागाला दिली.

त्याच मयताच्या मांडवात आणखी एक म्हण फिरते: 'अबुसुआ दॉ फुनू'. अबुसुआचं प्रेम मढ्यावर. इंग्रजीत अबुसुआचं 'फॅमिली' होतं आणि म्हण बोथट होते. अबुसुआ म्हणजे आईकडून चालणारं कुळ. नवराबायको एकमेकांच्या अबुसुआत नसतात. बापाच्या अबुसुआत त्याची मुलं नसतात. पण मेलेल्या माणसावर हक्क अबुसुआचा, आणि अंत्यविधी तेच ठरवणार. आता म्हण पुन्हा वाचा. जो आजारी होता तेव्हा कुणी आलं नाही. गेल्यावर मांडव, बाजा, नवी कापडं, शेकडो माणसं. ही म्हण शोक प्रकट करण्याच्या विरोधात नाही. ती एका विशिष्ट शोकाचा हिशेब मागते, आणि तो मागणारी बहुधा ती बायको असते जिने दुखणं काढलं. मराठी अनुवादात मी 'कुळाचं प्रेम मढ्यावर' असं ठेवलं आणि अबुसुआचा अर्थ कथेतच आधी येईल अशी व्यवस्था केली.

मी म्हणींची वकिली करते आहे असं कुणाला वाटेल म्हणून 'नाचक्कीपेक्षा मरण बरं' हिच्याकडे येते. ही म्हण निरागस नाही. मला ती ज्या रूपात भेटली त्यात शब्द आहे 'अनिमगुआसे', चेहरा खाली पडणं. डोळा मरण्याहून हे वेगळं. आपण 'जनाची नाही तर मनाची' म्हणतो. अनिमगुआसे ही जनाची. म्हण एका भावनेबद्दल नसून समाजातल्या जागेबद्दल आहे, हा फरक महत्त्वाचा आहे. पण ज्याची जागा गेली त्याच्या कानात ती शिरते तेव्हा हा फरक त्याच्या काही कामाचा नसतो. घानात आत्महत्येचा प्रयत्न २०२३ पर्यंत कायद्याने गुन्हा होता. संसदेने तो गुन्हा काढून टाकला. एकीकडे मरण बरं म्हणणारी म्हण आणि दुसरीकडे वाचलास तर तुरुंग म्हणणारा कायदा, अशा कात्रीत माणसं होती. अशी म्हण 'त्यांची संस्कृती' म्हणून आदराने मराठीत आणून ठेवणं मला जमत नाही. तिच्या शेजारी मी 'मौतीची शिडी एकटा कुणी चढत नाही' ही दुसरी आकान म्हण ठेवते, म्हणजे वाचकाला कळेल की त्या भाषेत या विषयावर एकच आवाज नाही. मरण सगळ्यांनाच आहे, ते कुणा एकाचा पराक्रम नाही, असं ती म्हणते. क्वामे अँथनी अप्पिया यांनी आपल्या आई पेगी अप्पिया यांच्याबरोबर आणि इव्होर अजेमान-दुआ यांच्या साथीने केलेल्या संग्रहात सात हजारांहून जास्त म्हणी आहेत. सात हजार म्हणींतून सुसंगत 'दृष्टिकोन' निघेल अशी अपेक्षा ज्याला आहे त्याने आधी आपल्या आजीच्या तोंडच्या पन्नास म्हणी घेऊन प्रयोग करावा.

आता घरचं भांडण. आपल्याकडचे संपादक. एका संग्रहासाठी मी एक म्हण दिली होती: ज्याला साप चावला तो गांडुळालाही भितो. छापून आलं ते असं: दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. विचारलं तर उत्तर, 'अहो, तेच तर आहे! आपल्याकडे आहेच की.' तेच नाही. ताकवाल्याला उपाय सापडला आहे, तो फुंकतो. त्याच्यावर आपण जरा हसतोही. गांडुळापुढे उभा असलेल्याला उपाय नाही. तो फक्त भितो, आणि म्हण त्याला हसत नाही, तशीच सोडून देते. एक म्हण सावधपणाची आहे, दुसरी भीतीची. म्हणजे 'आकान म्हणी भावनेकडे कसं पाहतात' हा प्रश्न ज्या एका जागी मराठी वाचकाला स्वतः तपासून पाहता आला असता, तीच जागा संपादकाने बुजवली. पाचही बोटं सारखी नसतात ही म्हण आपल्यासारखीच च्वीत आहे, तिथे खुशाल आपली ठेवा. दात आणि जिभेचंही भांडण होतं असं तेही म्हणतात. पण तिथेही आपला माणूस आपलाच ओठ चावला म्हणून गप्प बसतो, आणि त्यांचा म्हणतो, भांडण व्हायचंच, एकाच तोंडात राहायचं आहे.

म्हणून आता मी प्रत्येक म्हणीबरोबर तीन गोष्टी छापायचा आग्रह धरते: मूळ च्वी देवनागरीत, ती बोलणारं माणूस, आणि ज्याला बोललं ते. पानं वाढतात, अशी प्रकाशकांची तक्रार आहे. वाढू देत. निम्म्या म्हणी कमी करा.

सध्याच्या संकलनातल्या एका कथेत आई हरवलेल्या पोराला बाजारात शोधते आणि पोर सापडतं. मूळ वाक्यात तिचं काळीज, 'कोमा', पोटात पडतं. च्वीत याचा अर्थ सुटकेचा निःश्वास, आपला जीव भांड्यात पडतो तोच. मुद्रितशोधकाने समासात विचारलं आहे, 'काळीज पोटात पडलं म्हणजे घाबरली का? की जीव भांड्यात पडला करू?' मी काळीज पोटातच ठेवलं आहे. पुढच्या वाक्यात ती डोक्यावरची टोपली उतरवते, खाली बसते आणि पाणी मागते.